एकसारखी हाक

"पुन्हा म्हणा, बाबा. मघासारखंच," म्हणत अश्वजितने माइक खुशालरावांच्या वाकड्या ओठांशी नेला, आणि आत लसूण सोलत बसलेल्या कांताबाईंचं डोकं तापलं.

पोराचं हे वागणं त्यांना मुळीच पटत नव्हतं. सकाळपासून त्याने बापाला पहिलीतल्या पोरासारखं घोकायला बसवलं होतं. माणूस जेवला का, थकला का, याची फिकीर नाही; मशीनच्या डब्यावरचा बारका दिवा लागला की नाही, एवढंच बघायचं. जन्मभर वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यापाशी उभं राहून बापाने याला इंजिनिअर केलं, ते काय म्हातारपणी याच्यापुढे पाठ म्हणून दाखवायला?

"त्यायले पाणी तरी पाज," त्या आतूनच म्हणाल्या. "तुया मशीनले तहान लागत नाई, त्यायले लागते."

लकव्यात खुशालरावांचा उजवा हात गेला, पाय गेला आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द, अवो. बायकोला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती; लग्न झाल्यापासून कांताबाई म्हणजे 'अवो'च. जिभेवर सगळ्यात घासलेला शब्द तोच, म्हणून बहुधा तोच टिकला. कांताबाईंना तेवढ्यात सगळं कळायचं. शेवट लांबला तर पाणी. मध्येच तुटला तर कूस बदलून हवी. नुसता श्वासात आला तर काही नको, येऊन बस. ऊर्जानगरचं क्वार्टर सुटल्यावर दुर्गापुरात घेतलेल्या दोन खोल्यांतला संसार त्या एका शब्दावर चालला होता. डॉक्टरलाही जे समजत नाही ते आपल्याला समजतं, याचा कांताबाईंना गर्व होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

अश्वजितला पुण्यात नोकरी लागली होती. आईचे गुडघे दुखरे, बाप अंथरुणाला खिळलेला. दोघांना टाकून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. निदान दिवा-पंखा तरी बाबांना आपला आपण लावता यावा, म्हणून तो झटत होता. आधी त्याने चांगल्या हाताखाली घंटीचं बटण दिलं. झोपेत हात पडायचा आणि सगळी गल्ली जागी व्हायची. मग टाळीवर चालणारा स्विच केला. तो बघून कांताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"एका हातानं टाळी वाजते का कधी, इंजिनिअर साहेब?"

तोही हसला, आणि नागपूरहून आवाज ओळखणारी चिप घेऊन आला. ती त्याने आईच्या पापडाच्या डब्यात बसवली, डब्यातून वायरी काढून पंख्याला आणि दिव्याला जोडल्या. 'दिवा', 'पंखा' म्हणवून पाहिलं. खुशालरावांच्या तोंडून लाळ तेवढी आली. शेवटी बापाजवळ जो शब्द होता तोच त्याने मशीनला दिला. एकदा अवो म्हटलं की दिवा, दोनदा म्हटलं की पंखा.

अडचण एवढीच होती, की मशीनला शब्द दर वेळी हुबेहूब तसाच लागे. लांबला तरी ओळखायची नाही, तुटला तरी नाही. म्हणून हे घोकणं.

"ओढू नका, बाबा. सपाट म्हणा."

आणि ड्युटीवर कधी कुणाला उलट उत्तर न दिलेले खुशालराव डोळे मिटून सपाट म्हणू लागले.

काही दिवसांनी जमलं. डब्यात टक् झालं आणि डोक्यावरचा पंखा फिरू लागला. खुशालरावांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं, आजारपणानंतरचं पहिलंच. शेजारची जाहिदा बघायला आली. खुशालभाऊ तर साहेब झाले, म्हणाली. कांताबाईंनी तिला चहा पाजला, पोराच्या ताटात भाजी जास्त वाढली. तोंडाने मात्र एवढंच विचारलं, की आता माझे पापड कशात ठेवू?

अश्वजितच्या जाण्याची तयारी सुरू झाली. एका दुपारी तो बाजारात गेला होता आणि कांताबाई पाट्यावर मिरची वाटत होत्या. बाहेरच्या खोलीतून अवो, अवो आलं. टक् झालं, पंखा फिरला. पुन्हा अवो, अवो, पंखा थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. कांताबाईंना वाटलं, खेळून राह्यले. खेळू दे, दुसरं आहे काय त्यांच्याजवळ. मिरची पूर्ण वाटून, हात धुऊन मग त्या उठल्या.

खुशालराव कुशीवर कलंडले होते. चांगला हात खाट आणि भिंतीच्या सापटीत अडकून काळानिळा पडला होता. उशी ओली होती.

"अवो, अवो," ते म्हणाले. पंखा बंद झाला.

कांताबाईंनी खाट ओढली, हात सोडवला, तेल लावून चोळत बसल्या. बोटं हलली, पण मूठ वळेना.

अश्वजित आला. बघितलं आणि पिशवी तिथेच ठेवून डबा उघडायला बसला. चूक माझीच, म्हणाला. घंटीची सोय करतो, तीनदा म्हटलं की घंटी वाजेल, तुला बोलवायला. कांताबाईंनी प्लग काढला. मग खाटेवर टेकून पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं. आता बोला, मी इथीच आहो, असं त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

"अवो."

नजर वर, पंख्याकडे. कांताबाईंनी पाणी पुढे केलं. ओठ मिटलेलेच राहिले. कूस बदलली, ते कण्हले. पुन्हा अवो आलं, तेवढंच, तसंच. शेवट लांबतो का, म्हणून कांताबाई थांबल्या. लांबला नाही.

मग अश्वजित खाली गुडघ्यांवर बसला.

"बाबा, पहिल्यासारखं म्हणा. ओढून म्हणा. आईले बोलावता तसं."

खुशालरावांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटले, दम घेतला, आणि शिकवलं होतं तसं, अगदी सपाट, अवो म्हणाले. डोळे उघडून शाबासकीची वाट बघत राहिले.

अश्वजितने मान खाली घातली. पुण्याला जात नाही मी, म्हणाला.

कांताबाई नवऱ्याची बोटं चोळतच होत्या.

"जाय तू. इथी थांबून का करशीन? मशीन शिकली का नाई, मले समजत नाई. पण तुये बाबा बरोबर शिकले. आता या घरात मले हाक मारनारं कोनी नाई राह्यलं, बाबू."