अज्ञात वाहन कक्ष

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऊन माझ्या खोलीत येते. आधी ते समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, हातरुमालाएवढे दिसते; त्या वेळी त्याचा रंग ताकासारखा पातळ असतो. मग ते सावकाश उतरू लागते. दिनदर्शिकेच्या खिळ्यापाशी क्षणभर अडते, खुंटीवरच्या सदऱ्याची एक बाही उजळवते, तांब्याच्या कडेवरून घरंगळते आणि खाटेच्या पायथ्याशी फरशीवर येऊन पसरते. तोवर त्यात सायीचा दाटपणा आलेला असतो. धूळ त्यात तरंगत राहते. या उजेडातच मला रोज दिसते, की माझ्या डाव्या पायावरची टायरची खूण कालच्यापेक्षा लांब झाली आहे आणि पाय नखभर आखूड झाला आहे.

खूण मांडीवर सुरू होते, प्लॅस्टरच्या आत शिरते, टाचेतून बाहेर पडते, चादरीवरून फरशीवर उतरते आणि दाराच्या फटीतून जिन्याकडे जाते. ती काळी आहे. तिच्यावरच्या बाणासारख्या रेघा सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या आहेत. ती दुसऱ्या कशाची नाही, माझ्या पायाचीच बनते. जितकी ती वाढते, त्या हिशेबात पाय घटतो. डॉक्टरांनी फितीने मोजून तसे कागदावर लिहून दिले आहे. "दुसरं ऑपरेशन महिन्याच्या आत करा," ते म्हणाले, "नंतर जोडायला काही उरायचं नाही."

मी ओले फडके घेऊन खूण पुसतो. पुसल्याने पाय परत येत नाही, पण खूण कोठे निघाली होती ते कोणाला कळत नाही.

"पुसू नकोस रे रंगा," आई दारातून म्हणते. "एवढाच तर पुरावा आहे आपल्याकडं."

"लांबला की तो पुरावा राहत नाही, आई."

हे मला अज्ञात वाहन कक्षात समजले होते. धडक देऊन पळालेली गाडी कोणाची हे कळत नसेल, तरच हा कक्ष भरपाई देतो. गाडी सापडली, की प्रकरण न्यायालयाकडे जाते, आणि आमच्या गावात न्यायालय नेमके कोठे आहे हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही. ऑपरेशनचा खर्च भागवायला माझ्यापाशी या भरपाईवाचून दुसरे काही नव्हते. मी नगर वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसतो. पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारतो.

पहिल्या सुनावणीच्या वेळी कक्ष एसटी स्टँडच्या पलीकडे होता. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याच्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत रुंद खूण होती आणि तिचे टोक त्याने खिशात घडी करून ठेवले होते.

"माझा ट्रक," तो म्हणाला. "तुमचं काय?"

"मोटार."

"आरं तिच्या! म्हंजे खानदानी हाय की." तो खूप हसला. मग त्याने खिशातून टोक जरासे बाहेर काढून दाखवले. "हे बेनं सारखं पळाया बघतं. दाबून धरावं लागतंय. मालकाकडं गेलं की संपलं आपलं."

मला पुकारले. अव्वल कारकून हुलवळे यांनी मान वर केली नाही.

"नाव?"

"श्रीरंग कवठेकर."

"गाडी ओळखीची?"

"नाही."

"रंग?"

"पाहिला नाही."

"बाई का बुवा?"

"कोण?"

"मी विचारायचं, तुम्ही सांगायचं. गाडीत बाई होती का बुवा होता?"

"पाहिलं नाही."

"छान," हुलवळे म्हणाले. "पहिल्याच खेपेला इतकं कमी ठाऊक असलेला माणूस फार दिवसांनी आला. नाहीतर येतात लेकाचे, नंबरसकट तोंडपाठ करून. मग रडतात." त्यांनी माझा पाय मोजला आणि आकडा अर्जावर लिहिला. "आखूड पायवाल्यांची गैरसोय होऊ नये म्हणून कक्ष पुढच्या वेळी तुमच्याजवळ आणला जाईल. शासन आपल्या दारी."

दुसऱ्या सुनावणीच्या वेळी कक्ष आमच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीमागे होता. तीच टेबले होती, तोच बाक होता, पण भिंती एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या होत्या की हुलवळे कोपर बाहेर काढून लिहीत होते. बाकावर म्हातारा नव्हता. त्याचा सदरा घडी करून ठेवलेला होता आणि त्यावर खूण नव्हती.

"त्यांची खूण पोचली," मी विचारण्याआधीच हुलवळे म्हणाले. "तुमची कुठवर गेलीय?"

"मी रोज पुसतो."

"कुठवर जाते ते विचारलं मी."

"जिन्यापर्यंत."

ते खरे नव्हते. त्या दिवशी सकाळी ती गल्लीतून बाहेर पडून दूध केंद्रापाशी वळली होती.

त्यानंतर मी कुबड्या, बादली आणि फडके घेऊन सकाळी बाहेर पडू लागलो. खूण माझ्यापुढे चालत असे. दूध केंद्र, मग वाचनालयाचे बंद दार, मग सरळ रेषेत बंगल्यांची वसाहत. लोक ती ओलांडताना पाय उचलत. मी टोकापासून मागे पुसत यायचो. पुसून घरी पोचेपर्यंत टाच गुडघ्याकडे आणखी वर सरकलेली असे.

एका सकाळी खूण एका फाटकाशी थांबली. आत राखाडी आच्छादनाखाली एक मोटार उभी होती. मी फाटकाखाली फडके सारून पुसू लागलो. वरच्या गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती. ती म्हणजे वाचक क्रमांक नऊशे चौदा.

तीन वर्षे ती दर शनिवारी साडेपाचला वाचनालयात येत असे. पुस्तक खिडकीतून आत सरकवत असे आणि म्हणत असे, "अहो, हे झालं." मी शिक्का मारत असे. तिच्या नखांवर कधी शाई असे, कधी नसे. ती कोणती पुस्तके अर्धी सोडते आणि कोणती पुन्हा नेते हे मला ठाऊक होते; कोणत्या पानांवर ती थांबते हे मी पानांच्या दुमडलेल्या कोपऱ्यांवरून ओळखत असे, आणि ते कोपरे सरळ करण्याचे काम मी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. मी तिच्याशी एक शब्दही अधिक बोललो नाही. खिडकीला जाळी आहे, आणि आतून बाहेर दिसते तितके बाहेरून आत दिसत नाही. मी तिला माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते. अपघातानंतर ती वाचनालयात आलेली नाही, असे माझ्या जागी बसणाऱ्या गोखलेबाईंनी सांगितले होते. योगायोग असतात.

"काय पाहिजे?" तिने गच्चीवरून विचारले.

"काही नाही. पुसतोय."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

तिने माझ्या पायाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. "आमचं फाटक आम्ही पुसून घेऊ," ती म्हणाली. "तुम्ही परत येऊ नका." तिच्या हातातला ओला टॉवेल पिळला गेला आणि पाणी माझ्या बादलीत पडले. ते काळे होते.

परतताना मला कळले की कक्ष आमच्या इमारतीत आला आहे. बाक जिन्यात होता. आई स्वयंपाकघरात जायला निघाली होती, पण तिला टोकन देऊन रांगेत बसवले होते.

"भाजी लागतेय हो," ती सांगत होती.

"नंबर आल्यावर बघू," शिपाई म्हणाला.

शेवटची सुनावणी माझ्या खोलीत झाली. हुलवळे यांचे टेबल खाटेवर आडवे ठेवले होते. त्याच्याखाली मी निजलो होतो आणि माझे डोके आणि छाती तेवढी त्यांच्या बाजूला बाहेर होती. अर्ज माझ्या छातीवर होता. उरलेल्या जागेत पाच पंच उभे होते, भिंतींना पाठ लावून, कारण भिंती आता तेवढ्याच अंतरावर होत्या. खिडकी टपालपेटीच्या फटीएवढी झाली होती आणि ऊन तिच्यातून चिठ्ठीसारखे आत पडले होते. डावा पाय मला जाणवत होता, पण प्लॅस्टरमध्ये हात घातल्यावर तो वितीएवढाही लागत नव्हता.

"गाडी अर्जदाराला अज्ञात," हुलवळे यांनी वाचले. "पंच?"

"अज्ञात," पाच जण म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला. मला बरे वाटले. शिक्क्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. "म्हणजे ऑपरेशन होईल," मी म्हणालो.

"थांबा की. लग्नाआधी बारसं कशाला?" पंचांपैकी दोघे हसले. हुलवळे यांनी अर्ज उलटा केला. मागच्या बाजूलाही एक रकाना होता. "आता दुसरी बाजू. तुम्ही गाडीला अज्ञात होता का?"

"म्हणजे?"

"आत जो कोणी होता, त्याला तुम्ही ठाऊक होता का? अज्ञात म्हणजे दोन्हीकडून अज्ञात. एका बाजूनं ओळख निघाली, तरी तो अपघात राहत नाही. मग ती तुमची आपसांतली बाब. आपसांतल्या बाबीला शासन काय करणार?"

"मी कोणालाही ठाऊक नाही," मी म्हणालो.

"तोंडी चालत नाही. लिहा. 'गाडीतील व्यक्ती मला ओळखत नव्हती.' इतकंच. सही करा, आणि परवा ऑपरेशन."

जिन्यातून आईचा आवाज आला, "लिही रे बाळा, ते म्हणतात तसं लिही."

मी लिहिले. अक्षरे कागदावर थांबली नाहीत. ती एकमेकांना चिकटली, त्यांच्या बाणासारख्या रेघा झाल्या, आणि ती छातीवरून, खाटेवरून, पंचांच्या पायांमधून दाराखालून निघून गेली. रकाना कोरा राहिला. प्लॅस्टर थोडे आणखी पोकळ झाले.

"परत," हुलवळे म्हणाले.

मी परत लिहिले. परत ती गेली. आता प्लॅस्टर कुशीवर कलले आणि त्यात काही नसल्यासारखे वाजले. पंच हे पाहत होते. त्यांच्यातल्या एकाने घड्याळ पाहिले.

"एकदाच आणखी पुरेल इतका पाय आहे," हुलवळे म्हणाले. त्यांचा शिक्का कागदाच्या बोटभर वर थांबला होता. "नीट, ठासून लिहा. तुमच्याच हिताचं सांगतोय. इतकी वर्षं कोणाला ठाऊक नव्हता, मग आज एक ओळ लिहायला काय जातंय?"

मी पेन ठासून धरले. माझे अक्षर चांगले आहे. या वेळी ओळ हलली नाही. ती रकान्यात काळी, सरळ, वाळून बसली, आणि हुलवळे यांनी ती वाचून शिक्का टेबलावर आडवा ठेवला. मी लिहिले होते, की तिने काच खाली करून मला नावाने हाक मारली होती, आणि मी ओ दिल्यावर काच वर केली होती.