उघड्या टपाची मोटार

रेवदंड्याला एका मुंबईकर शेठचा बंगला होता आणि बंगल्यात त्यांची उघडी, शर्यतीच्या घाटाची मोटार. खाऱ्या वाऱ्याने तिचा कापडी टप कुजला, तेव्हा शेठनी गलबतांची शिडं शिवणाऱ्या हरेश्वरला बोलावलं. त्याने नवा टप असा ताणून बसवला की शेठनी त्याला मोटारीची निगा राखायलाच ठेवून घेतलं. तो तिला रोज गोड्या पाण्याने धुई, टपाच्या बिजागऱ्यांना तेल देई, ब्रेकच्या तारांना ग्रीस चोळी. पुढे शब्द टाकून त्याने आपला मेहुणा शिवदास यालाही तिथे ड्रायव्हर म्हणून लावलं.

१९३४ च्या शिमग्यात हरेश्वर बहिणीकडे आगरदांड्याला गेला. तो परतला त्याच दिवशी उतारावर ब्रेक लागला नाही आणि शेठसकट मोटार बांधावर आदळली. चाकं काढली, तर आत ओली वाळू आणि गंज. शिवदासने सांगितलं, हरेश्वर आळसाने खाडीच्याच पाण्याने मोटार धुतो. हरेश्वर समोर उभा होता. शिवदासने त्याच्याकडे पाहिलं नाही. शेठनी हरेश्वरला तिथल्या तिथे काढून टाकलं.

घरी येऊन त्याने बायकोला, केसरला, सगळं सांगितलं. शिवदास तिचा सख्खा भाऊ असला तरी ती त्याच्यावर चिडेल असं हरेश्वरला वाटलं होतं. ती मासळी निवडत राहिली.

"मीबी बसले हुते मोटारीत," ती म्हणाली. "तुमी न्हवता तवा. दादानं पुळणीवरनं फिरवली. लाट आली, चाकं बुडाली."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"दादाची नोकरी गेली असती."

शिवदासचं खोटं त्याने सोसलं असतं. पण हिने सकाळी आपल्याला हसत वाढलं होतं, ते त्याला सोसेना.

तो शिवदासकडे गेला. शिवदासने काही नाकारलं नाही. "तुला शिडं शिवता येतात," तो म्हणाला. "मला दुसरं काय येतं?"

दुसऱ्या दिवशी केसर आपणहून बंगल्यावर गेली आणि शेठना खरं काय ते सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं. मोटार कोणीही पुसेल, म्हणाले, चालवणारा इथे कुठून आणू? शिवदास कामावर राहिला.

हरेश्वरने सुया आणि दोरा बांधला आणि आगरदांड्याच्या होडीत जाऊन बसला. केसर बंदरावर आली. मीही येऊ का, असं तिने विचारलं.

"आता न्हाय," तो म्हणाला.

मग कधी, ते त्याने सांगितलं नाही. होडी सुटेपर्यंत ती तिथेच उभी होती.