सदतीस वेळा पडणारी माणसं

सरासरी सदतीस वेळा! आस्टाने आकडा पुन्हा वाचला. युटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात भर थंडीत समुद्रात डुंबणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यातला प्रत्येक सभासद वर्षाला सदतीस वेळा घसरून पडतो, असं नगरपालिकेच्या आरोग्य कचेरीचा अहवाल सांगत होता. आणि तो अहवाल काल संध्याकाळी घाईघाईत पालिकेच्या समितीकडे पाठवला कुणी? आस्टाबाईंनीच!

सकाळी नऊच्या ठोक्याला समितीचा अध्यक्ष आस्गर याचा फोन. "अगं, हे लोक पोहायला जातात की आपटायला? दुपारी दोनला मतदान घेतो. धक्का आणि त्यावरची सॉनाची खोली, दोन्ही बंद!"

बंद म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर तिचा बाबा टॉर्किल आला. आई गेल्यावर तो दोन वर्षं फक्त रेडिओशी बोलत होता. मग कुणीतरी त्याला धक्क्यावर ओढून नेलं. आता हा सत्तरीचा गडी रोज सकाळी तीन अंशाच्या पाण्यात उडी मारतो, सॉनाच्या गरम वाफेत बसून गप्पा छाटतो आणि शीळ घालत घरी येतो. धक्का गेला की शीळही गेली.

तिची साहेब इंगरलीसे खुर्ची ओढून शेजारी बसली. तीस वर्षं आकड्यांत घालवलेली बाई, जीभ कात्रीसारखी. "शंभरदा सांगितलं तुला. प्रत्येक रकान्याला आधी विचारायचं, बाबा रे, तू कोण? रक्तगट म्हणजे नुसतं नाव, त्याचे टक्के काढ. 'तब्येत बरी, मध्यम, वाईट' या पायऱ्या, तिथे अगदी मधला माणूस कुठल्या पायरीवर आहे ते बघ. रक्तदाब मोजता येतो, त्याची सरासरी काढ खुशाल. तुझ्या आधीच्या शहाण्यानं लग्नाच्या रकान्याची सरासरी काढली होती. आपल्या गावातला माणूस पाव घटस्फोटित निघाला!"

"पण पडणं तर मोजता येतं ना?"

"येतं की. मग नव्याण्णव वेळा कोण पडलंय, ते शोध."

सभासदांनी भरून दिलेल्या चोवीस अर्जांपैकी नऊ अर्जांवर 'किती वेळा पडलात?' यापुढे नव्याण्णव! आस्टाने कपाळावर हात मारून घेतला. 'उत्तर द्यायचं नाही' या चौकोनाला दिलेला तो नुसता क्रमांक होता, आणि तिने तो बेरजेत घातला होता. दोघींना हसू आवरेना. इंगरलीसे तर टेबल बडवायला लागली. "केक! केक!" आमच्या कचेरीत ज्याची चूक त्याचा केक, सुटका नाही.

"दोन आणीन! ते नऊ अर्ज काढून टाकते, झालं."

"थांब गं. नऊ जण गप्प का बसले? जे पडले तेच गप्प बसले असले तर? मग तुझा नवा आकडाही खोटाच, फक्त गोड खोटा."

आस्टाचं हसू मावळलं. कोट चढवून तिने सायकल काढली आणि समोरच्या वाऱ्याशी भांडत धक्का गाठला. सॉनाचं दार उघडताच चष्म्यावर वाफ धरली. पुसून पाहते तर सकाळची टोळी ओळीनं बसलेली. कपडे कुणाच्याच अंगावर नव्हते आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. कोट-बूट घातलेली आस्टाच तिथे विचित्र. तिने माणसं मोजली. नऊ.

"पोरी, दार लाव आधी. ऊब जातेय," ऐंशी वर्षांची बोडिल म्हणाली.

आस्टाने दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. नव्याण्णव, सदतीस, दुपारचं मतदान. "तुमच्यातलं पडलं कोण?"

टॉर्किल आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

"मी," तो म्हणाला. "एकदाच. शेवाळावरून. बूड महिनाभर काळंनिळं होतं."

"बाबा! मला का नाही सांगितलंस?"

"तू येऊ दिलं नसतंस."

"अर्जावर नाव नसतं, पण धंदा असतो," बोडिल म्हणाली. "मंडळात निवृत्त सुतार हा एकटाच. तो एकटा गप्प राहिला असता तर तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून मग आम्हीही त्याच चौकोनात फुल्या मारल्या."

आणि आपणच आपला धक्का बुडवायला निघालो होतो, हे ध्यानात येताच नऊच्या नऊ जण असे खदखदून हसले की बाक हलायला लागला. आस्टाही हसली, घामाघूम होऊन. ओल्या हातांनी नवे अर्ज भरले गेले. आठ शून्यं आणि बाबाचा एक. बाकीच्या पंधरा अर्जांवर मिळून पाच.

दोन वाजता ती समितीपुढे उभी राहिली. "कालचा आकडा चुकीचा होता, चूक माझी. चोवीस माणसं मिळून वर्षात सहा वेळा पडली. म्हणजे चौघांमागे एकदा. गावातले त्याच वयाचे बाकीचे लोक दोघांमागे एकदा पडतात. समुद्रामुळे कमी पडतात असं मी म्हणणार नाही, मुळात धडधाकट माणसंच तिथे जातात. पण धक्क्यावर शेवाळ आहे. ते खरवडा आणि एक कठडा बसवा."

आस्गरने कागद उलटसुलट केला, कान खाजवला आणि मतदान घेतलं. पाच विरुद्ध दोन. धक्का वाचला!

दुसऱ्या दिवशी कचेरीत आस्टाचे दोन केक मांडले होते. तेवढ्यात टॉर्किल तिसरा घेऊन आला, वरून खोबरं लावलेला, एका बाजूला चांगलाच करपलेला.

"माझी पण चूक होती," तो म्हणाला. मग हळूच, "पुन्हा पडलो तर धक्क्यावर जाऊ देशील?"

"देईन. फक्त मला सांग, बाबा."

"सांगेन."

तो शीळ घालत जिना उतरला. आस्टाने करपलेला तुकडा तोंडात कोंबला आणि सगळ्यांसमोर रडली. इंगरलीसेने तिला आणखी एक तुकडा वाढला.