पायाने वाजणारा डावा हात

मित्रांनो, मला अठ्ठावीस पाय आहेत, पण आयुष्यात मी एक पाऊलही चाललेलो नाही. मी एक मायक्रोकंट्रोलर आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे दीड पेराएवढा काळा तुकडा आणि त्याच्या पोटात एक छोटासा संगणक. तुमच्या घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये, रिमोटमध्ये, दुकानातल्या वजनकाट्यात माझी भावंडं असतात. ती कपडे धुतात, वजनं सांगतात. माझ्या वाट्याला मात्र संगीत आलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही, कारण तेव्हा माझी स्मरणशक्ती कोरी होती. एका प्लॅस्टिकच्या नळीत ओळीने बसून आम्ही दुकानात आलो, आणि तिथून मी एकटा एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलो. त्या घरातली बाई लिफ्टच्या पॅनेलची दुरुस्ती करायची. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईचा धाकटा भाऊ छापखान्यात कामाला होता आणि संध्याकाळी एका नृत्यशाळेत सिंथेसायझर वाजवायचा. त्या वर्षी कागद कापायच्या मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. जखम भरली, पण त्याने सिंथेसायझरवर चादर टाकली आणि नृत्यशाळेच्या बाईंना दुसरा वादक बघायला सांगितलं. ताईने परोपरीने समजावलं. तो एवढंच म्हणाला, "अर्धं वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं, ताई."

ताईने विषय वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली आणि एका पेटीचं चित्र काढलं. पायाखाली चार पट्ट्या. पट्टी दाबली की डाव्या हाताचे सूर वाजले पाहिजेत. वर आवाज बदलायचे सहा मोठे नॉब, बोटांशिवाय नुसत्या तळहाताने फिरतील असे. त्यासाठी तिने औषधाच्या बाटल्यांची झाकणं जमवली. आता पेटीला डोकं हवं होतं.

टेबलावर आम्ही तिघे उमेदवार होतो. पहिला अगदी नवा, माझ्यापेक्षा कितीतरी पट वेगवान, वायरलेससकट. दुसरा टिकलीएवढा नाजूक. तिसरा मी. दुकानदाराने ताईला आधीच सांगून ठेवलं होतं की मला आता कोणी विचारत नाही. खरं सांगतो, मी आशा सोडली होती.

ताईने आठ दिवस घेतले. टिकलीएवढ्याचे पाय इतके बारीक की सोल्डरचा डाग देताना दोन-दोन एकदम चिकटायचे. वेगवान गडी हुशार, पण नॉबला कोणी हात लावलेला नसतानाही त्याने वाचलेला नॉबचा आकडा त्रेसष्ट-चौसष्ट, त्रेसष्ट-चौसष्ट असा हलत राहायचा आणि सूर थरथरायचा. त्यात तो सव्वातीन व्होल्टांवर चालणारा, आणि धाकट्याच्या जुन्या सिंथेसायझरचा सगळा कारभार पाच व्होल्टांचा. एका दुपारी घाईत पाच व्होल्टांची तार त्याला लागली आणि बिचारा जागच्या जागी गेला. मला वाईट वाटलं. मी पाच व्होल्टांवरच वाढलेला, आणि सहा नॉब वाचायला माझ्याकडे नेमक्या सहा जागा. राहिला प्रश्न वेगाचा. "माणसाचा तळहात फिरून फिरून किती वेगाने फिरणार?" ताई स्वतःशीच म्हणाली आणि तिने मला सॉकेटमध्ये बसवलं.

पेटी तयार झाल्यावर तिने धाकट्याला हाक मारली. वायर तपासायची आहे, जरा पट्टीवर पाय ठेव, असं सांगितलं. त्याने पाय ठेवला. चादरीखालून खर्जातले तीन सूर एकदम उमटले. त्याने पाय उचलला. पुन्हा ठेवला. ताईने त्याच्याकडे बघितलंच नाही, ती वायर तपासत राहिली. शेवटी त्याने चादर काढली, नीट घडी घातली आणि म्हणाला, "तिसरा सूर जरा खाली घे."

त्यानंतरची अकरा वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. नृत्यशाळेतल्या लाकडी जमिनीवर मुलींची पावलं पडायची आणि त्यांच्या तालावर मी सूर पाठवायचो. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मी सूर किंचित घसरवत नेत असे. ती ताईने शिकवलेली लकब. कोणी धाकट्याच्या डाव्या हाताची चौकशी केली की तो म्हणायचा, "बरा आहे, हल्ली बुटात असतो."

मग नवा कीबोर्ड आला. त्यात सगळंच होतं, डाव्या हाताची साथसुद्धा आपोआप वाजायची. माझी पेटी कपाटात तळाशी, जुन्या पडद्यांखाली गेली. चार वर्षं मला कोणी हाक मारली नाही. दमट हवेने माझे पाय काळे पडले.

एके दिवशी नृत्यशाळेच्या बाई निवृत्त होणार असल्याचं कळलं. त्यांनी एकच मागणं केलं होतं, पहिल्या नृत्याला तेच जुने सूर हवेत. नव्या कीबोर्डवर ते जमेनात. सूर तेच, पण ती घसरण नाही, आणि मुलींची पावलं अडखळायची. पेटी बाहेर काढून जुन्या सिंथेसायझरला जोडली, पण मी जागा होईना. दुकानदार म्हणाला, जुना काढा, नवा बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

ताईचा चेहरा उतरला. नवा कोरा असणार. तिने लिहिलेला प्रोग्रॅम ज्या संगणकावर होता, तो कधीच भंगारात गेला होता. शिवाय कोणी नक्कल करू नये म्हणून तिने मला कुलूप घातलं होतं. माझ्या पोटातलं तिला स्वतःलाही वाचता येणार नव्हतं. "याच्यात आहे तेवढंच आहे," ती धाकट्याला म्हणाली. "दुसरीकडे कुठेही नाही. माझीच चूक."

तिने भिंग लावून मला सॉकेटमधून उचललं. गंजलेला एक पाय तुटलाच. तिने त्या जागी केसाएवढी तार जोडली, बाकीचे सत्तावीस पाय खोडरबराने घासले आणि मला परत बसवलं. धाकट्याने पट्टीवर पाय ठेवला. मी वाजलो. बाईंनी त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून ते नृत्य डोळे मिटून ऐकलं.

माझे गंजलेले पाय फार दिवस टिकणार नव्हते, म्हणून पुढचे आठ दिवस भाऊ-बहीण पेटीपाशी बसून होते. तो एकेक पट्टी दाबायचा, एकेक नॉब थोडा थोडा फिरवायचा, आणि ती ऐकून वहीत लिहायची. त्या वहीवरून तिने माझ्यासारख्याच एका नव्या, कोऱ्या मायक्रोकंट्रोलरला शिकवलं आणि त्याला माझ्या जागी बसवलं. मला तिने डबीत ठेवलं आहे.

मित्रांनो, वस्तू पुसून, कोरड्या जागी ठेवा, हे तर आहेच. पण जे तुम्ही आपल्या हातांनी घडवता, ते कसं घडवलं हे कुठेतरी लिहून ठेवा आणि ते दुसऱ्याला वाचता येऊ द्या. माझा एक पाय तुटला, तेव्हा एका माणसाचा अख्खा डावा हात पुन्हा जाणार होता.

नवा चांगला वाजतो. फक्त कधीकधी सूर लावायची घाई करतो. मग धाकटा आपला पाय किंचित उशिरा टेकवतो आणि त्याला सांभाळून घेतो.