मागची भिंत

मुनियल्लप्पाची सगळी नोकरी मोजणी खात्यात साखळी ओढण्यात गेली. बंगळूरच्या पूर्वेकडच्या वीस-बावीस गावांचे बांध त्याला तोंडपाठ. थोरली बहीण हालूरला दिलेली. त्याच्या कारेहळ्ळीहून तिकडे तळ्याच्या कडेने गाडीवाट जायची. तोंडातला विडा रंगेपर्यंत माणूस अक्काच्या दारात.

मग रागीची शेतं गेली आणि वसाहती आल्या. आतले रस्ते असे की पोटातलं पाणी हलू नये. पण एकीचा रस्ता दुसरीला मिळेल तर शपथ! आत शिरून गोल वळायचा, नाहीतर भिंतीवर आपटायचा. तिसरी वसाहत उठली तशी गाडीवाट बुजली. आता अक्काकडे जायचं तर हमरस्त्याने नऊ किलोमीटर, दोन बसगाड्या.

ही वाट वापरात नाही, असा पंचनामा झाला होता. त्याखाली साक्षीदाराची सही मुनियल्लप्पाचीच. "फाटक उघडंच ठेवणार, तात्या, काळजी कशाला?" असं वसाहत बांधणारा साहेब म्हणाला होता. सहीचं त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

माघातल्या एका दुपारी भाचेसुनेचा, भाग्यम्माचा, फोन आला.

"मामा, आत्याबाईंना श्वासच घेववत नाही हो! दवाखान्याची गाडी बोलावली, तर ती तुमच्याकडच्या वसाहतीत शिरून बसलीय. फोनात रस्ता दिसतोय म्हणे!"

तो तसाच अनवाणी निघाला. वसाहतीच्या शेवटच्या भिंतीपाशी गाडी दिवा फिरवत उभी होती.

"आजोबा, हालूर कुठं?" चालकाने विचारलं.

"ह्या भिंतीमागं."

"थट्टा करताय होय?"

"थट्टा आमची झालीय, बाबा. मागं फीर. हमरस्त्याने जा, लवकर."

गाडी गेली. भिंत दोन पुरुष उंच, वर काटेरी तार; फाटक कुठंच नाही. पलीकडे अक्काचा गोठा भिंतीला लागूनच होता; गाईच्या घंटेचा आवाज येत होता. मुनियल्लप्पा भिंतीला तोंड लावून ओरडला, "अक्का! ए अक्का!"

"मामा? कुठून बोलताय?" भाग्यम्माचा आवाज आला.

"इथंच आहे, भिंतीशी. गाडी वळून येतेय. अक्काला सांग, मी आलोय."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सांगितलं. पाणी मागताहेत."

तो तिथेच उन्हात थांबला. बराच वेळ गेला. मग पलीकडे भाग्यम्माने हंबरडा फोडला. गाडीचा भोंगा त्यानंतर कितीतरी वेळाने हालूरच्या वेशीत वाजला.

दोन बसगाड्या बदलून तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. अक्काला ओसरीवर निजवलं होतं. तो पायाशी बसला. त्याला रडू येईना. भाचा नागराजू शेजारी येऊन टेकला, तेव्हा तो म्हणाला, "त्या वाटेच्या कागदावर माझी सही आहे, नागराजू."

नागराजूने आईच्या अंगावरची चादर सारखी केली. "आईला ठाऊक होतं. साहेबाच्या माणसाने गावभर सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कधी बोलली नाही मला."

"काय बोलणार? म्हणायची, विषय काढू नका, लाजून यायचा थांबेल."

मुनियल्लप्पाने अक्काच्या पायांवर डोकं टेकलं. दोघांतिघांनी धरून उठवलं तेव्हाच तो उठला.

"चला मामा," नागराजू म्हणाला, "खांदा द्या. मसणवट्याला पण आता लांबूनच जावं लागतं."