सहा सूर्यांत आठ सूर्यांचे निकेल

आर्वीतल्या त्या महाविद्यालयाच्या फाटकावर ‘डॉ. धनंजय डेहनकर यांचे हार्दिक अभिनंदन’ असा फलक झळकत होता. ज्या मौखिक परीक्षेनंतर धनंजय डॉक्टर व्हायचा, ती अजून सुरू व्हायची होती. आणि ती घ्यायला पुण्याहून आलेली माधवी त्याच फलकाखालून आत शिरली. तिच्या हातावर पेढाही ठेवण्यात आला. तिने तो कागदासकट बाजूला सारला.

प्रबंध एका विलक्षण तेजस्वी सुपरनोव्हावर होता.

“फुटलेल्या ताऱ्याचा एवढा प्रकाश आला कुठून?” तिने विचारले.

“किरणोत्सारी निकेलमधून, मॅडम.”

“किती निकेल लागेल?”

“आठ सूर्यांच्या वस्तुमानाइतकं.”

“आणि स्फोटात एकूण पदार्थ किती उधळला?”

धनंजयने मार्गदर्शक प्रभाकररावांकडे चोरून पाहिले. “सहा सूर्यांइतका.”

शेरभर पिठाच्या भाकरीत सव्वाशेर मीठ! श्रोत्यांतल्या एकाही विद्वानाला ठसका लागला नाही.

“वर्णपटात हायड्रोजनच्या या अरुंद रेषा आहेत. त्या काय सांगतात?”

आता मात्र तो निराळ्याच आवाजात बोलू लागला. मरण्यापूर्वी ताऱ्याने टाकलेला दाट, संथ वायू भोवती होता. स्फोटाचे अवशेष त्यावर आदळले, मंदावले, आणि एरवी पोकळीत निघून गेला असता तो वेग प्रकाश होऊन बाहेर पडला. निकेलचे एवढे ओझे लागतच नाही. क्षणभर माधवीला इथवर आल्याचे सार्थक वाटले.

“मग हे प्रबंधात का नाही?”

“अध्याय होता. सरांनी काढायला लावला.”

“मॅडम,” प्रभाकरराव प्रसन्न हसले, “उभी हयात निकेल शिकवलं आम्ही. आता पोरानं गुरूलेच खोटं पाडावं काय? चला, जेवण थंडं होऊन राह्यलं.”

माधवी धनंजयकडेच वळली. “अध्याय परत घाला. मुदत देते. सरांचा विरोध झाला, तर मी लेखी पाठिंबा देईन.”

“प्राध्यापकाच्या जागेची मुलाखत हाये मॅडम, येत्या महिन्यात.” त्याने हात जोडले. “खरं तुमचंच हाये. पण सही करून द्या ना.”

अज्ञानाला तिने क्षमा केली असती. सत्य तोंडपाठ असूनही ते खिशात घालून फिरणाऱ्याची तिला किळस आली. ‘पुनर्लेखनासाठी परत’ असे लिहून तिने खाली सही केली.

“दुसरा परीक्षक भेटन आमाले,” प्रभाकरराव म्हणाले. हसू मावळले होते.

“भेटेल की,” माधवी उठत म्हणाली. “त्याला हायड्रोजनबद्दल मात्र विचारू देऊ नका. हा मुलगा उत्तर बरोबर देतो.”