बाटलीचं सील

सोलापुरातल्या फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळणाऱ्या हुसेनसाबांनी पेढ्यांसाठी लॅबचा फ्रिज उघडला. तन्वीरला आज पीएचडी मिळाली होती. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन अडवणारं औषध टोचलं की उंदरांची झोप उडते, हे त्यानं म्हणे चाळीस उंदरांवर सिद्ध केलं. शेवटी मेंदू तपासायला सगळ्यांच्या माना मोडल्या. पिल्लापासून वाढवलेले ते जीव हुसेनसाबांनीच पुरले.

पेढ्यांमागं त्या औषधाची बाटली होती. कॉलेजात एकच आली होती. सील शाबूत. त्यांनी ती तन्वीरच्या गाईड सरांपुढं धरली.

"सर, ही तर फोडलीच न्हाय की! मग दोन महिने टोचलं काय? मिठाचं पाणी?"

सरांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

"ठेवून द्या, हुसेनसाब. पीएचडीच्या पुढच्या पोरीला लागेल. आणि चाळीस उंदीर वाढवायला घ्या."